चढावर वाजणारे इंजिन : वेग घेताना येणाऱ्या ठोक्याच्या निदानाचे एक प्रकरण

गाडी पाच गिअरची, १,४९७ सीसीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची, टर्बो नसलेली आणि ९६,००० किलोमीटर चाललेली होती. मालकांची तक्रार एका वाक्यात मावणारी होती: ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज येतो. त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये चारही स्पार्क प्लग बदलून झाले होते, तरीही आवाज थांबला नाही म्हणून बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, जोडलेला असतो तिथली बेअरिंग) गेली असावीत असा अंदाज त्यांना सांगण्यात आला होता, आणि इंजिन उतरवून उघडायचे आहे असे गृहीत धरूनच ते आले होते. इंजिन उघडणे कधी कधी अटळ असते. पण केवळ कानावर विसंबून तो निर्णय घेऊ नये असे माझे ठाम मत आहे, कारण वेग घेताना येणाऱ्या ठोक्यांपैकी बरेचसे क्रँकपर्यंत पोचतच नाहीत.

म्हणून बॉनेट उघडण्याआधी मालकांना प्रश्न विचारले. आवाज थंड इंजिनावर येतो की गरम झाल्यावर? कोणत्या गिअरमध्ये, किती आरपीएमला, म्हणजे मिनिटाला इंजिनाच्या किती फेऱ्यांना? पाय दाबताना येतो की सोडताना? गाडी उभी असताना नुसते रेस केले तर येतो का? उत्तरे देता देता त्यांच्याच लक्षात आले की आपण एक आवाज म्हणून सांगत आहोत ते प्रत्यक्षात दोन आहेत. पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये क्लच सोडताना एकदाच ‘धप्प’ असा दणका बसत होता. दुसरा आवाज निराळा होता: इंजिन गरम झाल्यावर, चढावर, वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की पत्र्याच्या डब्यात बारीक खडे हलवल्यासारखा सलग, टणत्कारी खडखडाट येई आणि पाय थोडा उचलला की तत्काळ थांबे. दोन्ही आवाज वेग घेतानाच येतात, त्यामुळे त्यांची सरमिसळ होणे स्वाभाविक होते. परंतु दोघांचे कारण एकच असल्याचे मानून चाललो असतो तर कोणतीच चाचणी सुसंगत उत्तर देऊ शकली नसती.

पहिल्या आवाजाचा निकाल लवकर लागला. हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक पक्का दाबून, सहकाऱ्याला गाडीच्या समोरून बाजूला उभे करून, पहिल्या गिअरमध्ये क्लच जेमतेम पकडेल इतकाच सोडला, तेव्हा इंजिन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त मागे झुकले. रिव्हर्समध्ये तेच उलट दिशेने झाले. गिअरबॉक्सखालच्या माउंटिंगचे, म्हणजे इंजिन पेलणाऱ्या आधाराचे, रबर पूर्ण फाटून धातूवर धातू आदळत होता. ते माउंटिंग बदलले आणि दणका गेला. हे काम आधी करण्यामागे आणखी एक कारण होते. इंजिन ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर कंपने ऐकतो, आणि सैल भागांची आदळआपट त्याच्यापर्यंत पोचली तर तो तिलाही नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधल्या अवेळी ज्वलनाचा ठोका, समजू शकतो. पुढे ज्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा आहे, त्यांत असा गोंधळ राहू नये, ही काळजी आधी घेतलेली बरी.

खरा प्रश्न : खडखडाट

दुसऱ्या आवाजासाठी गाडी चढावर नेली. कूलंटचे तापमान ९२ अंश सेल्सिअस, चौथा गिअर, १,८०० आरपीएम. पाय पूर्ण दाबताच दोनेक सेकंदांत खडखडाट सुरू झाला. त्याच चढावर, त्याच वेगात तिसरा गिअर टाकल्यावर आरपीएम २,६०० च्या आसपास गेले आणि आवाज जवळजवळ नाहीसा झाला. गाडी उभी करून नुसते रेस केले तेव्हा तर कोणत्याही आरपीएमला काहीच ऐकू आले नाही. पहिली दहा मिनिटे, म्हणजे इंजिन पुरते गरम होईपर्यंत, चढावरही ते शांत होते.

एवढ्या निरीक्षणावर अनेक संशयित बाजूला झाले. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका जड आणि खर्जातला असतो. गाडी उभी असताना २,५०० ते ३,००० आरपीएमवरून पाय एकदम सोडला तरी तो उघड होतो. येथे तसे काहीच नव्हते. पिस्टन सैल झाल्याचा आवाज थंड इंजिनावर मोठा असतो आणि धातू प्रसरण पावला की उतरतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून गळती असेल तर लोडखाली, म्हणजे इंजिनावर भार असताना, टिकटिक येते आणि ती नॉकिंगशी इतकी मिळतीजुळती असते की अनुभवी माणूसही फसतो. पण तीही सहसा थंड असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी होते. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज लोड नसतानाही येतो आणि त्याची लय क्रँकच्या निम्म्या गतीची असते. एक्सलच्या आतल्या जॉइंटची खडखड चाकाच्या गतीबरोबर बदलते. गाडीचा वेग तोच ठेवून केवळ गिअर बदलल्याने ती जात नाही. हीट शील्ड सैल असेल तर ते ठरावीक आरपीएमला झणझणते आणि उभ्या गाडीतही ऐकू येते.

तरीही बेअरिंगचा संशय मालकांच्या मनात घर करून होता, आणि तो पुराव्यानेच दूर होणे योग्य होते. ऑइल प्रेशर गेज लावून पाहिला: गरम इंजिनावर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) १.३ बार आणि ३,००० आरपीएमला ३.६ बार, म्हणजे चिंता करण्यासारखे काही नाही. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये ११.८ ते १२.१ बारच्या दरम्यान होते. त्यानंतर, पेट्रोलची टाकी रिकामी होत आलेली असताना, नेहमीच्या ९१ ऑक्टेनऐवजी ९५ ऑक्टेनचे, म्हणजे आपोआप पेटण्याला जास्त विरोध करणारे, पेट्रोल भरून तोच चढ पुन्हा चढलो. खडखडाट बराच कमी झाला, क्वचितच ऐकू येऊ लागला. झिजलेल्या बेअरिंगवर ऑक्टेनचा काहीही परिणाम होत नाही. आवाज इंधनाच्या प्रतीनुसार बदलतो याचा अर्थ तो ज्वलनातून येतो, म्हणजेच हे खरेखुरे नॉकिंग आहे.

येथे मालकांनी अगदी रास्त प्रश्न विचारला: मग यापुढे हेच पेट्रोल भरत गेलो तर काय बिघडले? बिघडले असते, आणि तेही नकळत. कंपनीच्या पुस्तिकेत या इंजिनासाठी ९१ ऑक्टेन पुरेसे असल्याचे नमूद होते आणि इतकी वर्षे ते पुरतही होते. जे इंजिन कालपर्यंत त्या इंधनावर शांत होते ते आज वाजते, तेव्हा इंधन नव्हे, इंजिनाची परिस्थिती बदललेली असते. वरच्या प्रतीचे पेट्रोल त्या बदलावर पांघरूण घालते, आणि मूळ दोष वाढत जातो.

ठोका नेमका कसा पडतो

पुढचे निदान समजण्यासाठी ज्वलनाची प्रक्रिया थोडी जवळून पाहावी लागते. प्लगच्या ठिणगीपासून ज्योत कडेकडे पसरत जाते. जळलेला वायू फुगतो आणि कडेच्या न जळलेल्या मिश्रणाला दाबत व तापवत नेतो. ज्योत तेथे पोचण्याआधीच ते मिश्रण स्वयंप्रज्वलनाच्या स्थितीला गेले तर ते एकदम पेटते, दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटते आणि आपल्याला टणत्कार ऐकू येतो. साधारण ७५ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ही कंपने साधारण सात हजार हर्ट्झच्या आसपास असतात. नॉक सेन्सरच्या संकेतातून इंजिनाचा संगणक हाच पट्टा वेगळा काढतो.

कडेच्या मिश्रणाला पेटण्यासाठी तापमान, दाब आणि वेळ या तिन्ही गोष्टी लागतात. १,८०० आरपीएमला क्रँकचा एक फेरा सुमारे ३३ मिलिसेकंदांचा असतो, २,६०० ला तो २३ मिलिसेकंदांवर येतो. खालच्या गिअरमध्ये आवाज का थांबला याचे उत्तर यातच आहे: मिश्रणाला वेळ अपुरा पडला. थंड इंजिनात ज्वलनकक्षाच्या भिंती उष्णता शोषून घेतात, म्हणून तेथे तापमान अपुरे पडते. आणि ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडली तर दाबाचे शिखर उंच जाते व तिन्ही गोष्टी एकदम बिघडतात. शेवटच्या मुद्द्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

नॉकिंगच्या कारणांची यादी लांब आहे: ज्वलनकक्षात साचलेला कार्बन, चुकीच्या हीट रेंजचे (उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेचे) प्लग, तापलेले इंजिन, इंधनाची कमतरता, बंद पडलेला ईजीआर (जळलेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारी यंत्रणा), ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) येणारी ऑइलची वाफ, बिघडलेला नॉक सेन्सर. एकेक सुटा भाग बदलत या यादीतून उतरत जाणे म्हणजे मालकाच्या खर्चाने अंदाज बांधणे होय. आधी बदललेले प्लग काढून पाहिले, हीट रेंज बरोबर होती. त्यांच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके होते, जे नॉकिंगची खूणच मानावेत. पण चकाकणारे ॲल्युमिनियमचे कण नव्हते. पिस्टनचा धातू अजून सुटू लागलेला नाही, याची ही दिलासादायक खूण होती.

आकडे काय सांगत होते

स्कॅनरवर कोणताही फॉल्ट कोड नव्हता. अनेक ठिकाणी तपास येथेच थांबतो, आणि ते दुर्दैवी आहे, कारण संगणक कोड नोंदवतो तो मर्यादा ओलांडल्यावर. मर्यादेच्या अलीकडची सगळी ओढाताण केवळ लाइव्ह डेटात दिसते.

आयडलला दीर्घकालीन इंधन दुरुस्ती, म्हणजे पेट्रोलच्या मूळ हिशेबात संगणकाने शिकून ठेवलेली वाढ किंवा घट, उणे ३ टक्के होती. चढावर, मध्यम ते जास्त लोडला, तीच अधिक १६ टक्के. म्हणजे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून संगणक आपल्या हिशेबापेक्षा १६ टक्के जास्त पेट्रोल देत होता आणि तेव्हा कुठे मिश्रण बरोबर येत होते. इनटेक मॅनिफोल्डमधून चोरटी हवा आत जात असती तर हे चित्र उलटे दिसले असते: आयडलला एकूण हवा कमी असते, त्यामुळे गळतीचा वाटा तेथे मोठा ठरतो आणि लोडला तो नगण्य होतो. उरल्या दोन शक्यता. एक तर मागितलेले पेट्रोल पंप पुरवू शकत नव्हता, नाही तर आत येणारी हवा संगणकाला कमी दिसत होती.

इंधनाच्या रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पोचवणाऱ्या नळीवर) गेज जोडून चढावर गाडी चालवली, दाब ३.५ बारवर स्थिर राहिला. पंप आणि फिल्टर निर्दोष ठरले.

मग हवेचा हिशेब कागदावर मांडला. चार स्ट्रोकचे १.५ लीटरचे इंजिन ४,००० आरपीएमला सिलिंडर पूर्ण भरले असे धरले तर मिनिटाला ३,००० लीटर, म्हणजे सेकंदाला ५० लीटर हवा घेईल. २५ अंश तापमानाला समुद्रसपाटीजवळ एक लीटर हवेचे वजन सुमारे १.१८ ग्रॅम असते, म्हणून ही हवा सेकंदाला ५९ ग्रॅम होते. असे साधे इंजिन पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे पाय पूर्ण दाबल्यावर, यातली साधारण ८५ टक्के हवा प्रत्यक्षात घेते. अपेक्षित आकडा ५० ग्रॅमच्या आसपास. आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर दाखवत होता ४२. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन उत्तम असलेले इंजिन इतकी कमी हवा घेत असते तर त्याची ताकद स्पष्टपणे घटलेली जाणवली असती, शिवाय पेट्रोलही जास्त लागले नसते. याचा अर्थ इंजिन पुरेशी हवा घेत होते, ती मोजण्यातच चूक होत होती.

आता या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. एअर फ्लो सेन्सरच्या आकड्यावरून संगणक दोन गोष्टी ठरवतो: पेट्रोल किती द्यायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची. पेट्रोलची चूक ऑक्सिजन सेन्सर पकडतो आणि दुरुस्त करतो. ठिणगीच्या वेळेची चूक पकडणारा असा कोणी पहारेकरी नाही. हवा कमी दिसली म्हणून संगणकाने लोड कमी मानला, आणि हलक्या लोडसाठी ठिणगी जितकी आधी पाडायची तितकी ती प्रत्यक्षातल्या जड लोडवर पाडली. १,८०० आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर लोड ८५ टक्क्यांच्या जवळ असायला हवा होता, तो ७४ दिसत होता; टायमिंग, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी क्रँकच्या किती अंशांवर ठिणगी पडते ते, १२ अंशांच्या आसपास असायला हवे होते, पण मूळ टायमिंग १८ ते १९ अंशांपर्यंत पुढे गेलेले होते. पूर्ण थ्रॉटलवर दुरुस्ती शिकलेल्या १६ टक्क्यांपुरतीच मर्यादित राहत असल्याने तेथे पेट्रोलही थोडे कमीच पडत होते, आणि त्याने ज्वलनाची उष्णता आणखी वाढत होती.

नॉक सेन्सर काय करत होता, असा प्रश्न येथे पडेल. तो आपले काम चोख बजावत होता. टायमिंगच्या दुरुस्तीचा आलेख स्कॅनरवर उघडला तेव्हा त्यावर करवतीचे दात उमटलेले दिसले: खडखडाट होताच दुरुस्ती उणे ३, पुन्हा होताच उणे ६, मग शांतता मिळाली की थोड्या थोड्या अंशाने वर चढणे, आणि वर पोचताच पुन्हा ठोका. नॉक सेन्सरच्या सांगण्यावरून टायमिंग मागे घेतले जाते ते ठोका पडल्यानंतर. तो पडूच नये अशी व्यवस्था मूळ टायमिंगनेच करायची असते. मूळ टायमिंगच सहा अंश चुकलेले असेल तर सेन्सर कितीही चांगला असला तरी प्रत्येक चढावर काही ठोके बसणारच. या इंजिनात तेच घडत होते.

दोष आणि त्याचे मूळ

एअर फ्लो सेन्सर बाहेर काढून भिंगाखाली धरला. त्यातला तापता घटक आजूबाजूच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवलेला असतो, आणि तो तसा ठेवायला किती वीज लागते यावरून हवेचे वजन कळते. त्या घटकावर करड्या धुळीचा मऊसर थर बसला होता आणि कडेला एक बारीक तंतू आडवा अडकलेला होता. धूळ उष्णता रोखून धरते. घटक कमी थंड होतो, वीज कमी लागते आणि हवा कमी मोजली जाते. प्रवाह वाढला की ही तूट वाढते, तर अगदी मंद प्रवाहात मापन उलट किंचित जास्तही येऊ शकते. आयडलला उणे ३ आणि लोडला अधिक १६ या जोडीचा अर्थ त्यातून लागला.

धूळ तेथवर पोचली कशी, हे शोधल्याशिवाय सेन्सर साफ करून बसवणे अर्धवट काम ठरले असते. एअर फिल्टरच्या पेटीच्या चार क्लिपांपैकी एक तुटलेली होती, आणि त्याच कोपऱ्यात फिल्टरची रबरी कड दुमडून आत गेली होती. पेटीच्या स्वच्छ बाजूला त्या कोपऱ्यापासून थेट सेन्सरच्या दिशेने धुळीचा पट्टा उमटला होता. फिल्टर स्वतः फारसा जुना नव्हता. तो नीट बसवलेला नव्हता.

पेटी आणि पुढची नळी आतून पुसून घेतली, तुटलेल्या क्लिपसह झाकण बदलले, योग्य मापाचा फिल्टर कड तपासून बसवला. सेन्सर त्याच्यासाठीच बनवलेल्या स्प्रेने धुतला. कार्ब्युरेटर किंवा ब्रेक क्लीनर येथे वापरू नये, कारण काही द्रावणे थर मागे ठेवतात आणि काही प्लॅस्टिक खातात. त्या घटकाला बोट, कापूस किंवा ब्रश लावू नये, कॉम्प्रेसरची हवाही मारू नये. तो इतका नाजूक असतो की साफ करण्याच्या भरात कायमचा निकामी होतो. सेन्सर पूर्ण वाळल्यावरच बसवला. शेवटी स्कॅनरने शिकलेली इंधन दुरुस्ती शून्यावर आणली. हे केले नसते तर मापन सुधारल्यावरही जुनी अधिक १६ टक्क्यांची सवय काही काळ तशीच राहिली असती आणि इंजिन निष्कारण जादा पेट्रोल पीत राहिले असते.

दुरुस्तीनंतर

पुन्हा ९१ ऑक्टेनचे पेट्रोल भरून तोच चढ, तोच गिअर, तेच तापमान. ४,००० आरपीएमला हवा आता ५१ ग्रॅम दिसली. इंधन दुरुस्ती आयडलला अधिक १ आणि लोडला अधिक ३ टक्क्यांवर स्थिरावली. १,८०० आरपीएमला मूळ टायमिंग १२ अंशांवर आले आणि आलेखावरचे करवतीचे दात जवळजवळ सपाट झाले. खडखडाट ऐकू येत नव्हता. पाचव्या गिअरमध्ये, अगदी कमी आरपीएमला, मुद्दाम पाय पूर्ण दाबला तर दुरुस्ती उणे १ ते २ अंशांपर्यंत जात होती, पण तेवढी हालचाल नॉक सेन्सरच्या नित्याच्या कामाचा भाग आहे.

तो शेवटचा अंश कुठून येतो हे पाहण्यासाठी प्लगच्या छिद्रातून बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घातला. पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा थर होता; इतक्या चाललेल्या आणि बहुतांश छोट्या अंतरांसाठी वापरलेल्या इंजिनात असतो तितपतच. हेड काढून तो साफ करण्याचा विचार मी बाजूला ठेवला. थर जाड असता आणि दुरुस्ती सतत ४-५ अंशांवर राहिली असती तर तो विचार योग्य ठरला असता. ऐकू न येणाऱ्या दोन अंशांसाठी घट्ट बसलेले इंजिन उघडण्यात फायद्यापेक्षा जोखीम जास्त आहे. त्याऐवजी मालकांना चढावर आरपीएम २,००० च्या खाली जाऊ लागले की एक गिअर उतरवण्यास सांगितले. पेट्रोल वाचवण्यासाठी वरच्या गिअरमध्ये पाय दाबून चढण्याची त्यांची सवय जुनी होती, आणि दोषाच्या काळात तिनेच ठोके वाढवले होते.

पुढच्या सर्व्हिसला गाडी आली तेव्हा आधी फिल्टरच्या पेटीचे झाकण उघडून स्वच्छ बाजू बोटाने पुसून पाहिली, मग आयडल आणि लोड या दोन्हींच्या इंधन दुरुस्त्या वाचल्या. बोटाला धूळ लागली नाही, आणि लोडवरचा आकडा अधिक २ टक्के होता. प्लगवरही नवे काळे ठिपके आढळले नाहीत.